सातबाऱ्यावरची चार नावं

प्रिय बाय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काकी, माझ्याकडे मृत्युपत्र करण्यासारखं आहे तरी काय? जे आहे ते पोरांचंच." मागे धाकटा रडत होता, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण त्या वाक्यानं मला दोन रात्री झोप नाही. तुझ्याच वयाची असताना मी हेच म्हणत होते. पुढं सत्तावीस वर्षं वकिलांकडे टायपिंग करताना ह्या एका वाक्यापायी काय काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं.

आधी तलाठ्याकडून ताजा सातबारा काढून आण. तुझ्या गेलेल्या नवऱ्यानं स्वतःच्या कमाईनं घेतलेल्या त्या वीस गुंठ्यांवर आता चार नावं असतील: सासूबाई, तू, मुलगी आणि मुलगा. मुलांच्या नावांशी 'अ.पा.क. आई' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे सांभाळणारी तू, मालक मुलं. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची आई, बायको, मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी. रुपयात तुझे चार आणे. मुलांचे आठ आणे तुला कोणाला लिहून देता येत नाहीत आणि न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय विकताही येत नाहीत. चुलत्यांबरोबरच्या सामायिक आंबराईचं गणित ह्याहून वेगळं आहे. ती वडिलोपार्जित, तिथं मुलांचा हक्क जन्मापासूनचा, आणि २००५ पासून मुलीचाही मुलाइतकाच. तो हिशोब वकिलाकडून कागदावर मांडून घे. 'माझं राहतं घर व सर्व जमीन' असं ठोकून लिहिलेली मृत्युपत्रं मी कितीतरी टाइप केली. ज्यांचा चार आणे हिस्सा होता त्यांनी सोळा आणे वाटून टाकले होते. भांडणं तिथूनच सुरू झाली.

आता तू म्हणशील, माझे चार आणे तरी मी गेल्यावर मुलांनाच जाणार ना? जाणार, दोघांना सारखे. त्यासाठी कागद नसला तरी चालेल. पण पोरं कोणाकडे राहणार, हे कायदा आपणहून तुझ्या मनासारखं ठरवत नाही. थोरली दहाची, धाकटा पाचाचा. उद्या तुला काही झालं, तर दीर मुंबईहून येतील, तुझी बहीण सावंतवाडीहून येईल, दोघंही मायेनं येतील, आणि खळ्यात बसून पोरं कोणाच्या गाडीत बसणार यावर वाद होईल. थोरली दाराआडून ऐकत असेल. मला हे चित्र नुसतं लिहितानाही सहन होत नाही.

विधवा आईला मृत्युपत्रानं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचा पालक नेमता येतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ही सोय आहे आणि फार थोड्या बायकांना ती माहीत असते. तुझ्या मृत्युपत्रातलं पहिलं कलम तेच असू दे. बहिणीचं नाव घालायचं असेल तर आधी तिला आणि तिच्या नवऱ्यालाही विचार, दोघांना समोर बसवून. तिला जमलं नाही तर दुसरं कोण, तेही लिही. आणि पोरांना सांभाळणारी व्यक्ती आणि पैसे सांभाळणारी व्यक्ती एकच असायला हवी असं नाही. माझ्या मुलांसाठी मी माझ्या बहिणीचं नाव घातलं होतं, पैशाचा हिशोब मात्र भावाकडे. बहीण रागावली नाही, उलट म्हणाली, बरं झालं, माझ्यावर कोणी बोट दाखवणार नाही. तुझ्या स्वतःच्या बचतीचे पैसे अठराव्या वर्षी एकदम हातात न पडता शिक्षणासाठी लागतील तसे विश्वस्तानं द्यावेत, असंही लिहिता येतं.

बँकेचं पासबुक आणि विम्याची पॉलिसी आजच काढून बघ. तुझ्या खात्याला नॉमिनी कोण? मला पक्की खात्री आहे, अजून तुझ्या नवऱ्याचंच नाव आहे. माझ्याकडेही माझ्या गेलेल्या नवऱ्याचं होतं, सहा वर्षं. बदलायला गेले तेव्हा काउंटरवर फॉर्म भरताना त्याच्या नावावर रेघ मारवेना, तशीच घरी परत आले. दुसऱ्यांदा भावाला सोबत नेलं. तूही कोणाला तरी घेऊन जा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, दोन्ही मुलांची नावं घाल. ती अज्ञान आहेत, म्हणून त्यांच्या वतीनं पैसे घेणाऱ्याचं नावही लागेल. बँकेचा नॉमिनी पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक ठरतो वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं. तेव्हा दोन्हीकडे एकच मेळ ठेव.

लिहिण्याची रीत सोपी आहे. साधा कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. तारीख घाल, प्रत्येक पानावर सही कर. दोन साक्षीदार हवेत आणि त्या दोघांनी तुझी सही पाहून मग आपली करावी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला बसवू नकोस. साक्षीदार तुझ्याहून लहान असू देत, पुढं कोर्टात उभं राहण्याइतपत. आमच्याकडे एका आजोबांचं मृत्युपत्र आलं होतं, दोन्ही साक्षीदार त्यांच्याच वयाचे मित्र. तिघंही गेलेले. सही ओळखणारं माणूस शोधता शोधता त्यांच्या मुलीची चप्पल झिजली.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी माझ्या घरात शिरलं. कपाटाच्या खालच्या खणातली फाइल दोन दिवसांनी काढली तर पानं एकमेकांना चिकटलेली, शाई निळ्या ढगासारखी पसरलेली. एकेक पान सुटं करताना हातात लगदा येत होता. पण मृत्युपत्र गुहागरला नोंदवलेलं होतं, अर्ज केला आणि नक्कल मिळाली. तू हयात असताना ती नक्कल तुला किंवा तू अधिकार दिलेल्यालाच मिळते, त्यामुळे गावभर होईल ही भीती नको.

एक नाजूक गोष्ट. सासूबाईंचे चार आणे त्यांनी काही न लिहिता ठेवले, तर ते दीर, नणंद आणि तुझी मुलं यांच्यात वाटले जातील. राहत्या घरात आणखी दोन नावं येतील. त्यांना विचारायलाच हवं, पण गणपतीत सगळे चाकरमानी जमलेले असताना नको. दुपारी दोघीच भात निवडत बसाल तेव्हा विचार, आणि आधी तुझा कागद त्यांना वाचून दाखव. त्यांनी दुसरं काही ठरवलं तर मान राख. हिस्सा त्यांचा आहे.

आणि बाय, उद्या तू पुन्हा लग्न केलंस तर मला आनंदच होईल. लग्नानं हिंदू माणसाचं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, पण तेव्हा ते नव्यानं लिही. मृत्युपत्र नसेल तर तुझ्या हिश्शात नवरा मुलांच्या बरोबरीनं वाटेकरी होतो. नंतरच्या मृत्युपत्रानं आधीचं रद्द करता येतं, म्हणून कितीदाही बदल.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं ये. सातबारा, आठ अ म्हणजे खातेउतारा, पासबुक, पॉलिसी आणि मुलांचे जन्मदाखले आण. मसुदा आपण दोघी हातानं लिहू, सोमवारी वकिलांना दाखवू. पोरांनाही आण, त्यांच्यासाठी घावणे करीन.

तुझी,
काकी