'मेड इन हाँगकाँग' या सिनेमाची रिस्टोअर केलेली ब्लू-रे घ्यावी का? जुनी डीव्हीडी आहे, आणि मित्र म्हणतो की त्यात काही घडतच नाही.

घ्या. पण चकचकीत चित्र मिळेल म्हणून घेणार असाल, तर राहू द्या. पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटेल.

माझी या सिनेमाशी ओळख झाली ती व्हीसीडीवर. मामा मालवाहू बोटीवर होता. बोट हाँगकाँगला लागली की तिथून सिनेमे घेऊन यायचा, बहुतेक मारामारीचे, आणि त्यांच्यातच हा आला. दोन चकत्या होत्या, कारण एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या वर मावायचं नाही. त्यात गंमत अशी की एका स्पीकरमधून कँटोनीज आणि दुसऱ्यातून मँडरिन. तिकडच्या व्हीसीडी अशाच असायच्या. मला हे कळेपर्यंत पहिली चकती निम्मी संपली होती. तोवर वाटत होतं की ही माणसं एकमेकांना बोलूच देत नाहीत. शेवटी बॅलन्सचं बटण एका बाजूला पार फिरवलं, तेव्हा कुठे पोरांचा आवाज पोरांचा वाटायला लागला.

आता चित्राबद्दल, कारण खरा मुद्दा तो आहे. सिनेमा 1997चा, म्हणजे ब्रिटिशांनी हाँगकाँग चीनच्या हवाली केलं त्याच वर्षीचा. दिग्दर्शक फ्रूट चॅनकडे होते जेमतेम पाच लाख हाँगकाँग डॉलर आणि पाच माणसांचं युनिट. कच्ची फिल्म विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं. मग दुसऱ्यांच्या शूटिंगमधली उरलीसुरली टोकं जमवली, सुमारे 80,000 फूट. अँडी लाउसारखा मोठा नट निर्माता म्हणून पाठीशी उभा राहिला म्हणून हे जमलं.

ही टोकं उरतात कशी? 35 मिमी फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. डब्यात शंभरेक फूट शिल्लक राहिले तर मोठं युनिट ते काढून बाजूला ठेवतं, कारण ऐन संवादात फिल्म संपली तर सगळा टेक वाया. अशी कुणाकुणाची, वेगवेगळ्या वयाची टोकं एकाच सिनेमात आली की रंग आणि दाणा (चित्रावर दिसणारी फिल्मची बारीक रवाळ ठिपकी) सगळीकडे सारखा कसा राहणार? एका शॉटमध्ये चेहरा गार निळसर, तर पुढे रव्यासारखा खरखरीत दाणा. 2017 साली, हस्तांतराला वीस वर्षं झाली तेव्हा, इटलीतल्या बोलोन्याच्या 'लिम्माजिने रित्रोवाता' प्रयोगशाळेत मूळ निगेटिव्हवरून 4के, म्हणजे खूप बारीक तपशील दाखवणारी, प्रत केली गेली. तिच्यात हा दाणा घासूनपुसून काढलेला नाही, हे नशीब. ज्या पोरांना कुणी मोजत नाही त्यांची गोष्ट कुणी न मोजलेल्या फिल्मवर उतरली आहे. तो दाणा काढला तर उरणार काय?

फरक कुठे दिसतो ते सांगतो. सिनेमाचा नायक, वसुलीचं काम करणारा मून, एका घरी पैसे मागायला जातो. दार उघडतं, पण बाहेरची लोखंडी जाळी बंदच, आणि तिच्याआड त्याला पहिल्यांदा पिंग दिसते. जुन्या प्रतीत तिथे नुसता काळा चिखल होता. आता जाळीच्या पट्ट्या मोजता येतात आणि पिंग त्याच्याकडे कशी बघते तेही दिसतं. जिने, लांबच लांब व्हरांडे, सरकारी वसाहतींचे मधले चौक, सगळं असंच उघडं पडतं.

तुमच्या मित्राचं म्हणणं मात्र मला पटत नाही. शाळकरी मुलगी गच्चीवरून उडी मारते, तिच्या रक्ताने माखलेली दोन पत्रं या पोरांच्या हाती लागतात, पिंगला किडनी हवी असते, पुढे बंदूक येते. एवढं घडूनही कुणाला कुठे जायचं असतं असं नाही. मित्राला बहुधा तेच खुपलं असावं. डोंगरावरच्या कब्रस्तानात मून, पिंग आणि मूनचा एक मित्र अशी तिघं त्या मेलेल्या मुलीचं नाव घेऊन ओरडतात, थडग्यांवर उड्या मारतात. सिनेमाभर इतकी खूश ती क्वचितच दिसतात. मूनचं काम करणारा सॅम ली याआधी नट नव्हता, स्केटबोर्डवर हिंडताना सापडलेला पोरगा. अभिनय शिकलेल्या माणसाला तसं हुंदडणं जमलं असतं का, शंका आहे. बाय द वे, मूनचं कँटोनीज नाव चुंगचाऊ, म्हणजे त्यांची शरदातली पौर्णिमा, बहुतेकदा आपल्या कोजागरीच्या महिनाभर आधी येणारी.

बघताना आवाजाचा ट्रॅक कँटोनीजच ठेवा, इंग्रजी सबटायटल असली तरी. या भाषेत वाक्याच्या शेवटी 'ला', 'लो', 'वो' अशी शेपटं लागतात, आपल्या 'की', 'ना', 'बरं का'सारखी. 'गेला', 'गेला ना' आणि 'गेला की' यांचं इंग्रजीत एकच होतं, तसंच तिथे. 'लो' आलं की 'त्यात काय एवढं' अशी छटा येते, आणि ही पोरं बोलतात तेव्हा ती कानात भरते.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ब्लू-रेच्या डिस्क आणि प्लेअर जगाच्या विभागांप्रमाणे बांधलेले असतात, एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. त्या वाटणीत भारत 'सी' विभागात येतो, अमेरिका आणि हाँगकाँग 'ए'मध्ये, युरोप 'बी'मध्ये. बाहेरून मागवणार असाल तर डिस्कच्या मागचं अक्षर आणि आपला प्लेअर आधी बघा. मी नाही बघितलं, आणि दोन महिने डिस्क तशीच कपाटात पडून होती.