नवऱ्याने ‘नांदायला ये’ म्हणून दावा लावलाय, पण घर मारहाणीमुळेच सोडलंय. आता काय करायचं?

ताई,

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. मारहाण सहन होईना म्हणून सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही चिंचवडहून साताऱ्याला माहेरी आलात आणि थोड्याच दिवसांत पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचं समन्स दारात आलं. नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, तुम्ही परत नांदायला यावं म्हणून अर्ज केलाय. घरचे म्हणतात, कोर्टानेच बोलावलंय म्हणजे जावंच लागणार. वकील म्हणतात, मारहाणीचं आत्ता काढू नका, समुपदेशकासमोर गोडीने घ्या. त्याच्यासमोर एका खोलीत बसावं लागेल का आणि मुलगी काढून घेतील का, ही तुमची भीती आहे.

मी वकील नाही. माझी स्वतःची केस संपून बराच काळ झाला. त्यानंतर ओळखीच्या आणि मग त्यांच्या ओळखीच्या बायकांसोबत तारखांना जात राहिले. त्यातून जे ठाम कळलंय तेच सांगते.

सगळ्यात आधी घरच्यांना हे सांगा की कलम ९ चा निकाल त्याच्या बाजूने लागला तरी कोणी तुम्हाला हाताला धरून त्या घरात नेऊन सोडू शकत नाही. निकालानंतर वर्षभर एकत्र राहणं सुरू झालं नाही, तर त्या आधारावर घटस्फोट मागता येतो, आणि निकाल पाळला नाही म्हणून मालमत्तेवर जप्तीचा अर्ज करता येतो. बाकी काही नाही. असा निकाल असूनही बायको योग्य कारणाने परत गेली नाही तर तिची पोटगी बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. अनेक नवरे हा दावा संसारासाठी लावतच नाहीत. ‘मी तर बोलावत होतो, तीच आली नाही’ हे पोटगीच्या वेळी दाखवायला एक कागद तयार ठेवतात. पण म्हणून समन्सकडे दुर्लक्ष करू नका. तारखेला कोणीच हजर नसेल तर प्रकरण एकतर्फी चालतं आणि मग त्याने लिहिलेलंच खरं धरलं जाण्याचा धोका असतो.

आता वकिलांच्या सल्ल्याबद्दल. मारहाणीचं आत्ता काढू नका हे मला अजिबात पटत नाही. तो सल्ला वाईट हेतूने दिला असेल असं नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा आहे आणि त्याच्या कलम ९ प्रमाणे शक्य असेल तिथे आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. तिथल्या समुपदेशकांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळे ‘जमतंय का बघू’ याच दिशेने सुरुवात करतात. ज्या घरात हात उचलला जात नाही तिथे ते ठीकच आहे. तुमच्या घरात काय झालं हे मात्र त्यांना तुमच्या कागदावरूनच कळणार. पहिल्या लेखी कैफियतीत, म्हणजे त्याच्या अर्जाला दिलेल्या उत्तरात, तुम्ही ‘स्वभाव जुळत नव्हते’ असं मोघम लिहिलंत आणि आठ महिन्यांनी मारहाणीचं म्हटलंत, तर उलटतपासात पहिला प्रश्न हाच येतो: मग आधी का नाही सांगितलं? बाई खरं बोलत असते, पण रेकॉर्डवर ते नंतर सुचल्यासारखं दिसतं. असं होताना मी पाहिलंय आणि ते बघवत नाही.

म्हणून जे झालं ते पहिल्याच कागदात, साध्या शब्दांत आणि घटनेवार लिहा. ‘वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्याने कोणाचं काही हलत नाही. कधी, कुठे, कशाने मारलं, कुठे लागलं, कोणी पाहिलं, त्यानंतर तुम्ही कुठे गेलात, कोणाला फोन केला, हे लिहा. तारीख आठवत नसेल तर बनवू नका. ‘गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी’ किंवा ‘मुलीची शाळा सुरू झाली त्या आठवड्यात’ असं लिहिलेलं चालतं आणि ते जास्त खरंही वाटतं. पगाराचं कार्ड काढून घेतलं असेल, माहेरी बोलू दिलं नसेल, मुलीसमोर घाण शिव्या दिल्या असतील, नको असताना शरीरसंबंधाची जबरदस्ती केली असेल तर तेही लिहा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांना हिंसाचारच म्हटलंय. शरीरसंबंधाचं लिहायला आणि बोलायला जड जातं, पण कौटुंबिक न्यायालयात कोणत्याही एका बाजूने मागणी केली की सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. ती मागणी कराच.

पुरावा म्हणजे फक्त हाड मोडल्याचा एक्स-रे नव्हे. दवाखान्याचा जुना केसपेपर, पोलिसांनी ‘एनसी’ (अदखलपात्र तक्रारीची नोंद) करून परत पाठवलं असेल तर तिची प्रत, बहिणीला रात्री केलेले मेसेज, शेजारच्या काकूंनी दार वाजवलं होतं ती गोष्ट, हे सगळं कामाचं आहे. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या कायद्यात काटेकोर न बसणारी कागदपत्रंही निकालाला मदत होत असेल तर पाहता येतात, तशी सोय कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. फोनमधलं काही पुसू नका, आणि तो फोन विकू किंवा बदलू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण मूळ मेसेज मूळ फोनमध्ये असू द्या, कारण प्रती त्याच फोनमधल्या आहेत असं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं. नवरा-बायकोतलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही वैवाहिक प्रकरणात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. पण रेकॉर्डिंग मिळवण्यासाठी मुद्दाम त्याच्याशी बोलायला जाऊ नका. तुमच्या जिवापेक्षा ती क्लिप मोठी नाही.

दुसरं काम माझ्या मते याच आठवड्यात व्हायला हवं. साताऱ्यातच डीव्हीची, म्हणजे त्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची, केस दाखल करा. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही कलम १२ चा अर्ज करता येतो, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. अर्ज करायला महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी मदत करतात आणि घरगुती घटनेचा अहवाल तेच भरतात. तो अहवाल अजून आला नाही म्हणून आदेश देता येत नाही असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा मुद्दा निकाली काढलाय. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात महिने जातात, क्वचित वर्षंही. म्हणूनच मुख्य अर्जासोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज शपथपत्रासह त्याच दिवशी जोडायचा. त्यात स्पष्ट मागा: त्याने माहेरच्या घराजवळ, तुमच्या कामाच्या ठिकाणी आणि मुलीच्या शाळेत यायचं नाही, फोन-मेसेज करायचे नाहीत, तुमचं स्त्रीधन आणि कागदपत्रं परत द्यायची, तुमच्या-मुलीच्या खर्चाला आणि वेगळ्या राहण्याच्या भाड्याला दरमहा रक्कम द्यायची. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा निवासाचा हक्क आपोआप संपत नाही, तेही २०२० पासून स्पष्ट आहे.

संरक्षण आदेश हातात आला की त्याची प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात जाते की नाही याची स्वतः खात्री करा आणि एक प्रत कायम पर्समध्ये ठेवा. आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ‘हे तुमचं घरगुती आहे’ म्हणणाऱ्या हवालदाराला तोंडाने समजावत बसण्यापेक्षा आदेशाची प्रत पुढे करा.

पुण्याची केस साताऱ्याकडे वर्ग करून मिळावी म्हणून उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. लहान मूल, प्रवास, पैशाची अडचण आणि जिवाची भीती ही कारणं त्यात तपशिलाने मांडायची. तोपर्यंत प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च आणि वकिलाचा खर्च नवऱ्याकडून मागायला हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ आहे. दोन ठिकाणी दोन प्रकरणं असली तर एकातली माहिती दुसऱ्यात लपवू नका. कुठे काय चालू आहे आणि काय रक्कम मिळते ते दोन्हीकडे सांगणं बंधनकारक आहे, शिवाय लपवलेलं उघड झालं की तुमच्या सगळ्याच बोलण्यावर शंका घेतली जाते.

समुपदेशकाचं म्हणाल तर, एकत्र बसायची सक्ती आहे असं समजू नका. पहिल्याच भेटीच्या आधी लेखी अर्ज द्या: मारहाणीचा इतिहास आहे, डीव्हीची केस दाखल आहे, त्यामुळे माझ्याशी वेगळं बोलावं आणि येण्या-जाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. तोंडी सांगून भागत नाही, अर्जाची पोच घ्या. बहुतेक समुपदेशक समजून घेतात, मनापासून काम करणाऱ्या बायका मी तिथे पाहिल्यात. पण ‘एक संधी द्या, मुलीकडे बघा’ हे वाक्यही ऐकायला लागेल. तेव्हा रडू आलं तरी चालेल, हो म्हणायची गरज नाही. ‘मला विचार करायला वेळ हवा, वकिलांशी बोलून पुढच्या तारखेला सांगते’ एवढं उत्तर पुरतं. न वाचता कशावरही सही करू नका, कोऱ्या कागदावर तर नाहीच.

मुलीबद्दलची तुमची भीती मला सगळ्यात जास्त कळते. पाच वर्षांपर्यंतचं मूल साधारणपणे आईकडे, असं कायदा म्हणतो. तुमची लेक सहाची आहे म्हणजे आता ती बापाकडे जाणार असा त्याचा अर्थ होत नाही, पुढेही मुलाचं हितच पाहिलं जातं. ती तुमच्याकडे आहे, तिची साताऱ्यात शाळा सुरू आहे, तिचं झोप-जेवण मार्गी लागलंय, हे दाखवणारे कागद गोळा करा. प्रश्न बहुधा ताब्यापेक्षा भेटीचा येईल. भेट द्यायचीच नाही असा पवित्रा कोर्टाला सहसा आवडत नाही, आणि आदेश झाल्यावर भेट टाळली तर ते तुमच्याच अंगाशी येतं. म्हणून भेट कशी आणि कुठे व्हावी याचा प्रस्ताव तुम्हीच आधी द्या: न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, कोणाच्या तरी देखरेखीखाली, ठरावीक वेळ, रात्रीचा मुक्काम नाही, नेण्या-आणण्याला तुमचा भाऊ किंवा मावशी. मुलीने काही पाहिलं असेल, दचकून उठत असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा आणि तो कागद जोडा. भेटीमुळे मुलाला अपाय होईल असं वाटलं तर डीव्हीच्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकारी भेट नाकारूही शकतात. एक मात्र सांभाळा, कोर्टात काय बोलायचं हे तिला पढवू नका. न्यायाधीश मुलांशी चेंबरमध्ये एकट्याने बोलतात आणि पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं. शिवाय तिच्या डोक्यावर तेवढं ओझं नको.

पैशाचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर (ते प्रकरण आपल्या नागपूरचंच होतं) दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्याने पगार कमी दाखवला तर बँकेचे उतारे, फॉर्म १६, आयकर विवरण मागवण्याचा अर्ज द्या. स्वतःचं शपथपत्र मात्र काटेकोर खरं भरा, शिकवण्या घेऊन चार पैसे मिळत असतील तर तेही लिहा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ च्या, म्हणजे आताच्या नव्या संहितेच्या (बीएनएसएस) कलम १४४ च्या पोटगी आदेशाची थकबाकी वसूल करायची तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज पडला पाहिजे. ‘देईल हळूहळू’ म्हणून थांबलेल्या बायकांचे महिनेच्या महिने असे अडकलेत.

आणि समजा तुमच्या मनाने कौल दिला की परत जाऊन बघावं, तर तेही तुमचंच ठरवणं आहे, त्यासाठी कोणी तुम्हाला दोष देऊ नये. फक्त डीव्हीची केस मागे घेऊन जाऊ नका. ती चालू ठेवून तारीख वाढवून घ्या, संरक्षण आदेश कायम ठेवा, अटी लेखी करून कोर्टासमोर नोंदवा, वेगळं राहून महिन्या-दोन महिन्यांच्या भेटींनंतर ठरवा. ‘आधी सगळ्या केसेस मागे घे, मग पैसे देतो, मग घरी नेतो’ असा क्रम असलेला समझोता घेऊ नका. ज्याला खरंच बदलायचं आहे त्याला अर्धवट उघड्या फाइलची अडचण वाटण्याचं कारण नाही.

हे वकील तुमचं म्हणणं कागदावर आणायला तयार नसतील तर वकील बदला. नव्या वकिलांसाठी जुन्यांची ना-हरकत घ्यायची आणि फाइल ताब्यात घ्यायची. पैसे नाहीत म्हणून अडू नका. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं आणि १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महिलांना न्यायालयीन शुल्कही माफ आहे. अनेक पोलीस ठाण्यांत ‘महिला व मुलांकरिता विशेष सहाय्य कक्ष’ आहे. मुंबई पोलीस आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये सुरू केलेलं ते काम आता राज्यभर पसरलंय. तिथल्या ताई तुमच्या सोबत पोलिसांशीही बोलतात आणि संरक्षण अधिकाऱ्यांशीही.

पुण्याच्या पहिल्या तारखेला एकट्या जाऊ नका. भावाला नेलंत तर त्याला आधीच सांगा की आवारात एक शब्दही वाद घालायचा नाही. मुलीला साताऱ्यातच ठेवा. ठरलेली एसटी त्याला माहीत असेल तर वेळ बदला, काम झालं की आधी तुम्हाला सोडावं अशी विनंती कोर्टातल्या कर्मचाऱ्यांना करा. बाहेर तो मागे आला किंवा धमकी दिली तर लगेच ११२ लावा आणि घडलेलं त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या. प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय लिहिलंय ते ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून बघा. वकिलांनी तोंडी सांगितलेलं आणि तिथे लिहिलेलं वेगळं निघालं तर त्याच संध्याकाळी विचारा.

समन्सवरची तारीख आणि त्यासोबत अर्जाची प्रत आली आहे का, एवढं इथे कळवा. प्रत नसेल तर पहिल्या तारखेला तीच मागायची आणि कैफियतीसाठी मुदत घ्यायची. अर्जाचा मजकूर किंवा नावं मात्र इथे टाकू नका.