कंपनीच्या मेल सर्व्हरवर स्पॅम वेगवेगळ्या फोल्डरमध्ये कसा लावावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: भोसरीत साठेक माणसांची कंपनी, स्वतःचा सर्व्हर, त्यावर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा), मध्ये स्पॅम ओळखणारा स्पॅमअ‍ॅसॅसिन. स्पॅमवर शिक्का बसतो, पण मेल येतो इनबॉक्समध्येच. तुम्हाला 'नक्की स्पॅम', 'संशयित', 'जाहिराती' आणि 'व्हायरस' अशी चार फोल्डर हवी आहेत. साहेबांचं म्हणणं, सगळा संशयित माल आधी आयटीच्या एका कॉमन मेलबॉक्समध्ये जाऊ दे.

चार नकोत, दोन पुरेत. आणि कॉमन मेलबॉक्स तर मुळीच नको. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदाच आहे, म्हणून जरा ठासून सांगतो. तो मेलबॉक्स पहिला आठवडा कुणीतरी इमानेइतबारे बघतं. मग ऑडिट येतं, प्रिंटर रुसतो, कुणी रजेवर जातं, आणि एखाद्या ग्राहकाची आरएफक्यू, म्हणजे दराची चौकशी, तिथे मुदत उलटेपर्यंत पडून राहते. शिवाय ती चौकशी खरी की बनावट हे आयटीवाल्याला काय कळणार? ते सेल्समधल्या माणसाला एका नजरेत कळतं. म्हणून संशयित मेल ज्याचा त्याच्याच जंक फोल्डरमध्ये गेला पाहिजे.

'नक्की स्पॅम' आणि 'व्हायरस' यांना तर फोल्डरच नको. ते मेल दारातच नाकारा, म्हणजे समोरच्या सर्व्हरशी जोडणी चालू असतानाच. चुकून खरा मेल नाकारला गेला, तर पाठवणाऱ्याला त्याच्याच सर्व्हरकडून 'पोचला नाही' असं कळतं आणि तो फोन करतो. मेल आधी घेऊन मागाहून बाउन्स, म्हणजे परत, मात्र करू नका. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो, मग तुमचा बाउन्स तिसऱ्याच बिचाऱ्याच्या गळ्यात पडतो.

स्पॅमअ‍ॅसॅसिन स्वतः काही नाकारत नाही, तो फक्त गुण देतो. ५ गुणांना स्पॅमचा शिक्का, ही त्याची मूळ सेटिंग. ती तशीच ठेवा. नाकारण्याचं काम पोस्टफिक्सला जोडलेल्या मिल्टरकडे (मेल आत येतानाच तपासणाऱ्या जोड-प्रोग्रॅमकडे) द्यायचं आणि तिथली मर्यादा सुरुवातीला १५ ठेवायची. आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम फिल्टरमध्येही नाकारण्याची मूळ मर्यादा १५ आहे. नवा सर्व्हर उभारत असतात तर मी तोच घ्या म्हटलं असतं, पण चालू गाडीचं इंजिन बदलायची घाई नको.

आता ५ ते १५ मधला माल. त्यासाठी डव्हकॉटमधलं सिव्ह, म्हणजे मेल फोल्डरमध्ये लावायचे नियम लिहायची भाषा, वापरायचं. आधी एक बघा: पोस्टफिक्स मेल डव्हकॉटच्या एलएमटीपीकडे (मेल मेलबॉक्समध्ये पोचवणाऱ्या भागाकडे) सोपवतो, की स्वतःच मेलबॉक्समध्ये टाकतो? स्वतः टाकत असेल तर सिव्ह चालतच नाही आणि माणूस दिवसभर स्क्रिप्टमधला स्वल्पविराम शोधत बसतो. मग सगळ्यांसाठी एकच सामाईक स्क्रिप्ट लिहा: 'एक्स-स्पॅम-फ्लॅग' या हेडरमध्ये (मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळीत) 'येस' असेल तर मेल जंकमध्ये. ती 'सिव्ह बिफोर' या सेटिंगमध्ये (डव्हकॉट २.३ पर्यंतचं नाव; २.४ पासून ती 'बिफोर' प्रकारची सिव्ह स्क्रिप्ट म्हणून लिहितात) नोंदवली की प्रत्येकाच्या वैयक्तिक नियमांआधी चालते. याचा एक छान फायदा असा, की मेल जंकमध्ये गेला की पुढच्या वैयक्तिक स्क्रिप्ट चालत नाहीत. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतलं 'मी रजेवर आहे' हे उत्तर स्पॅमवाल्यांना जात नाही.

जाहिरातींचं दुसरं फोल्डर हवं तर करा. न्यूजलेटर, सेमिनारची आमंत्रणं, मशीन टूलवाल्यांची कॅटलॉग हा स्पॅम नव्हे, कुणीतरी कधीतरी स्वतःच नाव नोंदवलेलं असतं. 'लिस्ट-अनसबस्क्राइब' हेडर बघून हे मेल वेगळे काढता येतात. पण काही बँका आणि पोर्टल कामाच्या मेललाही तेच हेडर लावतात, म्हणून हा नियम अकाउंट्सच्या लोकांना लावू नका.

खरी डोकेदुखी पीओपीची आहे. पीओपी ही सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत, तिला फक्त इनबॉक्स दिसतो. आपल्याकडे अजून कितीतरी टेबलांवर जुनं आउटलुक पीओपीवर चालतं, आणि तिथे जंकमध्ये गेलेला मेल त्या माणसापुरता गायबच झाला. त्यामुळे आधी लॉग बघून पीओपीवाल्यांची यादी काढा. त्यांना आयमॅपवर आणा, म्हणजे सर्व्हरवरची सगळी फोल्डर दिसतील. जे ऐकणार नाहीत (बहुधा सगळ्यात जुने आणि सगळ्यात ज्येष्ठ) त्यांचा मेल इनबॉक्समध्येच राहू द्या, फक्त विषयाच्या आधी 'स्पॅम' लिहून. आयमॅपवाल्या आउटलुकमध्ये त्याचं स्वतःचं जंक फिल्टर बंद करा, नाहीतर माणूस दोन जंक फोल्डरमध्ये शोधत बसतो.

लोक मेल जंकमध्ये टाकतात किंवा बाहेर काढतात, त्यावरून फिल्टरने शिकायची सोय डव्हकॉटच्या आयमॅपसिव्हने होते. स्पॅमअ‍ॅसॅसिनचं बेझचं गणित (शिकवलेल्या मेलवरून शक्यता काढणारं) मात्र किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय सुरूच होत नाही, तेव्हा पहिल्या दिवशी निकाल मागू नका. जंकमधून ट्रॅशमध्ये गेलेला मेल 'चांगला' म्हणून शिकवला जाणार नाही, एवढी अट स्क्रिप्टमध्ये घाला. नाहीतर जो माणूस रोज नेटाने जंक साफ करतो तोच तुमचं फिल्टर बिघडवतो.

भाषा बघून गुण देणारा नियम चालू करू नका. फक्त इंग्रजी-हिंदी-मराठी चालेल म्हणून सांगाल आणि चाकणच्या एखाद्या ग्राहकाच्या जर्मनीतल्या मुख्य कार्यालयातून ड्रॉइंगबद्दल जर्मन मेल आला तर त्याला फुकट गुण चढतील. आणि स्वतःचं डोमेन व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे तपासणीतून सूट असलेल्यांच्या यादीत, टाकू नका! साहेबांच्या नावाने 'सप्लायरचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा बनावट मेल येतो तो याच दारातून. ग्राहकांना सूट द्यायचीच तर डीकेआयएम किंवा एसपीएफ (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का, हे बघणाऱ्या तपासण्या) पास झालं तरच, नुसत्या पत्त्यावर नाही.

जंक ३० दिवसांनी आपोआप रिकामं होईल असं डव्हकॉटच्या ऑटोएक्सपंज या सेटिंगमध्ये लावा आणि हे सगळ्यांना आधी कळवा. ज्यांचा कंपनीचा मेल जीमेलवर फॉरवर्ड होतो त्यांचं फॉरवर्डिंग पोस्टफिक्सच्या अलियासमधून (कुठल्या पत्त्याचा मेल कुठे पाठवायचा त्या यादीतून) काढून सिव्हमध्ये, जंकच्या नियमानंतर आणा. स्पॅमसकट फॉरवर्ड करत राहिलात तर जीमेलच्या लेखी तो स्पॅम तुमच्याच सर्व्हरने पाठवलेला असतो, आणि मग तुमची खरी बिलंही ग्राहकांच्या स्पॅममध्ये जायला लागतात.