शाळेची वही शाळेत राहू दे

चि. बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. साडेतीन पानं रस्ता, कचरा आणि डोंगरकापणी. शेवटच्या अर्ध्या पानात खरी गोष्ट: शाळेकडे आठशे पालकांचे नंबर आहेत, पंचायतीच्या निवडणुकीत ते वापरले तर काय बिघडलं?

बिघडतं. शाळेची वही शाळेत राहू दे.

नैतिकता बाजूला ठेव, साधा हिशेब कर. हायस्कुलात पाच-सहा गावांची मुलं येतात. त्या आठशेंतले तुझ्या वॉर्डाचे मतदार किती? चाळीस असतील. बाकीच्यांना निरोप पाठवून फक्त तक्रार ओढवून घेशील. त्या चाळिसांतही ज्या आईचा मुलगा दहावीला आहे, ती हेडमास्तरणीला दारात ‘नाही’ म्हणेल का? ती ‘हो मॅडम’ म्हणणार, चहा देणार आणि मत द्यायचं तिथेच देणार. तू मात्र ते मत मोजून बसशील. उमेदवार पडतात ते अशा खोट्या होकारांमुळे. मत कमी होतं हे त्यांना मतमोजणीच्या टेबलावरच कळतं.

उभं राहायचं की नाही, हे आधी कागदावर ठरव. सरकारी शाळेत असतीस तर प्रश्नच नव्हता. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1964 मधला नियम 5 सरकारी नोकराला स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतही भाग घेऊ देत नाही, त्याने मत द्यावं आणि गप्प राहावं. तू अनुदानित शाळेत आहेस. मग गोवा शालेय शिक्षण कायदा 1984 आणि त्याखालचे 1986 चे नियम उघड, नेमणूकपत्रातल्या अटी वाच, आणि व्यवस्थापनाकडून व शिक्षण खात्याकडून लेखी उत्तर घे. लेखी म्हणजे आवक क्रमांकासह. ‘अमक्या मास्तरांनी केलं होतं’ हा पुरावा नव्हे. छाननीच्या दिवशी समोरचा उमेदवार हरकत घेऊन उभा असेल, तेव्हा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे कागदच बोलतो. राजीनामा द्यावा लागणार असेल तर तो उमेदवारी अर्जाआधी दे आणि मंजुरी हातात घे. आरक्षणाची अधिसूचना निघेपर्यंत मात्र नोकरी सोडू नको. वॉर्ड राखीव झाला आणि तू त्या वर्गात बसत नसलीस, तर दोन्हीकडून जाशील.

आता वॉर्डाची मतदारयादी. हीच तुझी वही. छापील घे, घर क्रमांकाप्रमाणे लाव आणि वाड्यावाड्याने चाल. प्रत्येक नावापुढे खूण कर: वारलेले, लग्न होऊन गेलेले, तारवटी म्हणजे बोटीवर नोकरीला असलेले, आखातात असलेले. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांचीही नावं यादीत राहिलेली असतात, त्यांचं नागरिकत्व गेलेलं असतं. समज, 620 नावं आहेत. साठ गळली, राहिली 560. त्यातल्या ऐंशी टक्क्यांनी मत दिलं तर सुमारे 450. चार उमेदवार असले तर दीडशेत निकाल लागतो. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ अशा तीन खुणा ठेव. तुझ्या शाळेतल्या पालकाचा होकार मुकाट्याने तिसऱ्यात टाक. हो, तिसऱ्यातच!

गोव्यातल्या पंचायतींचं मागचं मतदान 10 ऑगस्ट 2022 ला झालं, भर पावसात. तसंच झालं तर यादी प्लास्टिकच्या पिशवीत आणि खुणा पेन्सिलीने. शाई पाण्यात उतरते. घरी गेल्यावर खुर्चीत बसून मुलाचे मार्क विचारायचे नाहीत. ओट्यावर उभी राहा, गटार कुठे तुंबतं ते त्यांनाच दाखवायला सांग. हेडमास्तरांना ऐकायची सवय नसते, राग मानू नको.

पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, मुक्त चिन्हं मिळतात. त्यामुळे म्हाताऱ्यांना तुझं चिन्ह ओळखीचं नसणार. मतपत्रिकेवर शिक्का एकदाच, आपल्याच रकान्यात, आणि घडी अशी घालायची की ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये. पाच मतांच्या फरकाने पडणाऱ्याला बाद झालेल्या मतांची किंमत कळते. हे नमुन्याच्या कागदावर शिकव, घरोघरी. शाळेच्या वर्गात नाही.

जिंकलीस तरी सरपंच होशीलच असं नाही. सरपंच निवडून आलेले पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्यच, निवडतात. सातांच्या पंचायतीत चार डोकी लागतात, आणि खुर्ची वाटून घ्यायचे करार पहिल्याच रात्री होतात. त्यात पडू नको. ग्रामसभेचा इतिवृत्तांत आणि घरपट्टीची थकबाकी आधी वाच. सभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरातल्या रविवारी असतात. निदान दोन सभांत मागच्या बाकावर बसून ये.

मी हटवादी आहे असं लोक म्हणतात, म्हणू देत. पण शाळेचा शिपाई पत्रकं वाटताना दिसला की गावात शाळेचं नाव उमेदवाराच्या नावाला चिकटतं. ते पुढच्या पाच वर्षांत सुटत नाही, आणि निस्तरतात ते तुझे सहकारी. तू हरलीस तर विरोधकाची मुलं त्याच वर्गात शिकणार आहेत ना?

आणि मतदान केंद्र तुझ्याच शाळेत असण्याची शक्यता आहे. फाटकावरची मुख्याध्यापिकेची पाटी, ऑफिसातले तुझे फोटो, चषकांखाली कोरलेलं नाव झाकायला निर्णय अधिकाऱ्याला स्वतःहून अर्ज कर. समोरच्याने मागायची वाट बघू नको.

वॉर्डाची यादी मिळाली की कळव. रविवारी येतो, तुझ्या वाड्यापासून सुरू करू. शाळेची वही आणू नको.