ईआरपी महिन्याच्या सुरुवातीला रांगतो, नवा सर्व्हर घ्यावा का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. ईआरपी म्हणजे हिशेब, स्टॉक, बिलं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर; तुमचं ओडू १६, ऑफिसातल्याच सर्व्हरवर. उबंटू, डेटाबेस पोस्टग्रेस १४, सोळा कोअर, ६४ जीबी रॅम. वापरणारी माणसं ४८. महिन्याच्या १ तारखेपासून ते ११ ला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विवरणपत्र भरून होईपर्यंत एकेक स्क्रीन उघडायला अर्धा मिनिट लागतो. ओडू बसवून देणारी पार्टी म्हणते, बत्तीस कोअरचं नवं मशीन घ्या. शेठ म्हणतात, हे तीन वर्षांपूर्वीच घेतलं ना? आणि मध्ये सापडलात तुम्ही.

नवं मशीन घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको.

तुम्ही सकाळी साडेअकराच्या टॉपची (कुठली प्रोसेस किती सीपीयू खाते ते दाखवणारा कमांड) जी प्रत चिकटवली आहे त्यातच उत्तर आहे. वरची ओळ बघा: आयडल ९१ टक्के. म्हणजे मशीन जवळजवळ झोपलेलं आहे. आता खालची यादी बघा: पायथनची एकच प्रोसेस, ती १०० टक्क्यांवर चिकटलेली. टॉपमध्ये एका प्रोसेसचे १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर. बाकीचे पंधरा हात बांधून बसलेत. आयओ वेट, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, तोसुद्धा एक टक्क्याच्या आत आहे, म्हणजे डिस्कचाही दोष नाही.

कारण तुमच्या ओडू.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये आहे. त्यात वर्कर्सची, म्हणजे विनंत्या हाताळायला किती प्रोसेस चालवायच्या याची, ओळच नाही. ती नसली की किंमत शून्य धरली जाते आणि ओडू एकाच प्रोसेसमध्ये थ्रेड (कामाचे धागे) करून चालतो. पायथनमध्ये एका प्रोसेसचे थ्रेड कितीही असोत, पायथनचं काम एका वेळी एकच थ्रेड करू शकतो. सोळा शेगड्या आहेत आणि आचारी एक. एरवी तो भागवतो. पण अकाउंट्समधून कोणी स्टॉक व्हॅल्युएशनचा वर्षभराचा रिपोर्ट मागितला की तो त्या कढईपाशी अडकतो आणि गेटवर चलन काढणारा माणूस पडद्याकडे बघत बसतो. बत्तीस शेगड्यांचं स्वयंपाकघर घेऊन दिलंत तरी आचारी एकच राहणार.

तेव्हा वर्कर्स ८ करा. ओडूच्या लोकांचा ठोकताळा असा की एका वर्करवर साधारण सहा माणसं एकाच वेळी काम करू शकतात. ४८ ला आठ. कोअरच्या दुप्पट अधिक एक ही वरची मर्यादा. तुमच्याकडे ती ३३ येते, पण तेवढे ठेवायचं कारण नाही. क्रॉनचे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांचे, थ्रेड दोन आहेत, ते राहू द्या. मेमरीच्या सॉफ्ट आणि हार्ड लिमिटला आत्ता हात लावू नका.

इथेच बहुतेक जण फसतात. वर्कर्स लावून सर्व्हिस रीस्टार्ट केली की लगेच तीन नव्या तक्रारी येतात, मग घाबरून परत शून्य. म्हणून काय काय होईल ते आधीच सांगतो.

पहिलं, चॅट आणि सूचना बंद पडतील. वर्कर्स असले की त्यांच्यासाठी ८०७२ वर वेगळी प्रोसेस उभी राहते. तुमची माणसं थेट ८०६९ पोर्टवर जातात असं दिसतंय. मध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, तो आलेली विनंती योग्य पोर्टकडे धाडतो: वेबसॉकेटचा (चॅटसाठी सतत उघडं राहणारं कनेक्शन) रस्ता ८०७२ कडे, बाकी सगळं ८०६९ कडे, आणि कॉन्फमध्ये प्रॉक्सी मोड चालू. मग ८०६९ बाहेरून बंद करून टाका.

दुसरं, मोठे रिपोर्ट मध्येच तुटतील. एका विनंतीला १२० सेकंदांची आणि सीपीयूच्या ६० सेकंदांची मर्यादा असते. ती ओलांडली की तो वर्कर मारला जातो. एनजिनएक्ससुद्धा मागून उत्तर यायची वाट ६० सेकंदच बघतो. तुमचा व्हॅल्युएशनचा रिपोर्ट चार मिनिटं घेतो म्हणता, तर तिन्ही ठिकाणी ६०० करा. एकाच ठिकाणी वाढवलंत तर दुसरं तोडेल आणि तुम्ही दिवसभर चुकीच्या फाइलमध्ये शोधत बसाल. मी बसलोय.

तिसरं, बिलाची पीडीएफ अडकू शकते. पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम लोगो आणि स्टाइल आणायला उलटून ओडूकडेच जातो, पत्ता बेस युआरएलमधला, म्हणजे ओडूच्या सेटिंगमध्ये लिहिलेला त्याचा स्वतःचा. तो पत्ता सर्व्हरला स्वतःला ओळखता आला नाही तर पीडीएफ लोंबकळते किंवा बिनलोगोची, विस्कटलेली येते. सिस्टीम पॅरामीटरमध्ये रिपोर्ट डॉट युआरएल घालून त्याला लोकलचा पत्ता द्या.

आता पोस्टग्रेस. शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटा हाताशी ठेवायला पोस्टग्रेस राखून ठेवतं ती रॅम, १२८ एमबी. ही मूळ, न छेडलेली किंमत आहे. ६४ जीबीच्या मशीनवर ती तशीच ठेवणं म्हणजे गोडाऊन रिकामं आणि माल रस्त्यावर. रॅमचा चौथा हिस्सा असा प्रघात आहे. ओडूही त्याच मशीनवर आहे म्हणून ८ जीबीपासून सुरू करा. इफेक्टिव्ह कॅश साइज (कॅशला एकूण किती रॅम मिळेल याचा पोस्टग्रेसला दिलेला अंदाज) ४० जीबी. डिस्क एसएसडी आहे, तर रँडम पेज कॉस्ट (डिस्कवर इकडेतिकडे उडी मारून वाचणं किती महाग धरायचं ते) ४ वरून १.१ वर आणा. चार ही किंमत फिरत्या तबकड्यांच्या काळातली.

वर्क मेमवर, म्हणजे क्वेरीला कामासाठी मिळणाऱ्या रॅमवर, मात्र हात आखडता ठेवा. मूळ ४ एमबी आहे, १६ किंवा ३२ पुरे. ती मर्यादा माणशी नसते, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला वेगळी लागू होते. मी उत्साहाच्या भरात एका ठिकाणी ती १ जीबी केली होती. दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी रॅम संपली, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली, आणि अशी एक प्रोसेस मेली की पोस्टग्रेस सुरक्षेसाठी सगळीच कनेक्शन तोडून रिकव्हरीत जातं. भर दुपारी डिस्पॅचच्या वेळी!

तुमच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीच्या (पोस्टग्रेसच्या चालू कनेक्शनच्या) यादीत मला एक ओळ खटकली: ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, सुरू झाल्याची वेळ नऊ दिवसांपूर्वीची, युजर ‘काटा’. हा वजनकाट्याच्या स्क्रिप्टचा युजर असावा. स्क्रिप्टने ट्रान्झॅक्शन उघडलं आणि कमिट, म्हणजे पक्कं, न करता तशीच बसून राहिली. तोवर त्या नऊ दिवसांत मेलेल्या (बदललेल्या किंवा खोडलेल्या) ओळी ऑटोव्हॅक्युम, म्हणजे पोस्टग्रेसचा सफाई कामगार, साफ करू शकत नाही, कारण त्या अजून कोणाला तरी दिसत असतील असं त्याला धरून चालावं लागतं. टेबलं फुगत जातात. महिन्याच्या ओझ्यात याचाही वाटा असणार. ते सेशन संपवा, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला पकडा, आणि आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट दहा मिनिटांवर लावा. मुळात तो बंदच असतो.

इथपर्यंत वेगाचं झालं. तुम्ही न विचारलेलं आता बोलतो, कारण तुमचा कॉन्फ वाचून मला घाम फुटला.

मास्टर पासवर्ड ‘ॲडमिन’ आहे. डेटाबेस मॅनेजरचं पान उघडं आहे. म्हणजे तुमच्या वायफायवर असलेला कोणीही ब्राउझरमधून अख्खी कंपनी डिलीट करू शकतो, दोन क्लिकमध्ये. कॉन्फमध्ये लिस्ट डीबी फॉल्स करून ते पान बंद करा आणि पासवर्ड बदला. हे आजच. बाकीचं रविवारी केलंत तरी चालेल.

बॅकअप. तुम्ही लिहिलंय, ‘रात्री पीजी_डंप होतो, दुसऱ्या डिस्कवर, त्यामुळे ती काळजी नाही.’ आहे काळजी. पीजी_डंपमध्ये फक्त डेटाबेस येतो. बिलांच्या पीडीएफ, ड्रॉइंग, खरेदीची स्कॅन केलेली चलनं हे सगळं फाइलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये बसतं, डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका ठिकाणी डिस्क गेली, मी छाती काढून म्हटलं, डंप आहे. रिस्टोअर केलं, लेजर जुळला, स्टॉक जुळला, चहा मागवला. मग खरेदीवाल्या बाईंनी एक ड्रॉइंग उघडलं आणि काहीच आलं नाही. दुसरं, तिसरं, तेच. ती ड्रॉइंग व्हेंडरांकडून एकेक करून परत मागवताना माझे तीन आठवडे गेले, आणि चहा तसाच राहिला होता.

आणि ‘दुसरी डिस्क’ त्याच खोक्यात आहे. आपण बडोद्यात राहतो हे विसरू नका. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा घराघरांत शिरली. २०१९ ला मी ज्यांचं काम बघत होतो त्यांच्यातल्या एकाचा सर्व्हर तळमजल्यावर जिन्याखाली होता, यूपीएस जमिनीवर, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. तिन्ही एकदमच गेले. तुमचा रॅक कुठल्या मजल्यावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तळमजल्यावर असेल तर शेठकडे पहिली मागणी तीच करा. डंप आणि फाइलस्टोअर दोन्ही रोज रात्री शहराबाहेर गेले पाहिजेत, आणि भारतातल्याच सर्व्हरवर. कंपनी कायद्याखालच्या लेखा नियमांत २०२२ मध्ये बदल झाला, त्यानुसार हिशेबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. ऑडिटर विचारतोच.

ऑडिटरवरून आठवलं. तुम्ही सहज लिहून गेलात की चुकलेली एंट्री ओडू बसवणाऱ्या पार्टीचा मुलगा ‘मागून डेटाबेसमध्ये दुरुस्त करून देतो’. हे ताबडतोब थांबवा. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे: कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. थेट डेटाबेसमध्ये एसक्यूएलने केलेल्या दुरुस्तीची नोंद ओडूमध्ये कुठेच उमटत नाही. डेटाबेसचा लिहिण्याचा अधिकार फक्त ओडूच्या युजरकडे राहू द्या, माणसांना नुसता वाचण्याचा. लॉगही १८० दिवस ठेवा आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीला (नेटवरून अचूक वेळ देणारी सेवा) जोडा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात दोन्ही आहे.

हे सगळे बदल आधी नकलेवर करून बघा, थेट चालू सर्व्हरवर नको. नक्कल म्हणजे कालचा डंप आणि फाइलस्टोअर दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करणं. त्यात बॅकअपचीही परीक्षा होते. पण सुरू करण्याआधी न्यूट्रलाइझ चालवा, १६ मध्ये तो कमांड आहे. तो जाणारी मेल आणि ठरलेली कामं बंद करतो. जुन्या आवृत्त्यांत हे हाताने करावं लागायचं आणि मी एकदा विसरलो. रविवारी दुपारी नक्कल सुरू केली, तिने इमानदारीने थकबाकीची यादी काढली आणि सगळ्या ग्राहकांना तगाद्याच्या मेल धाडल्या. यादी दोन महिन्यांपूर्वीच्या डंपमधली. सोमवारी सकाळी नऊला दांडिया बाजारात स्कूटर चालवताना पहिला फोन आला, ‘भाई, पैसा तो उत्तरायण पहेलां आपी दीधा!’ म्हणजे पैसे तर संक्रांतीआधीच दिले. तो दिवस मी माफी मागण्यात काढला, तीही गुजरातीत, जी माझी आजही मराठी वळणाची आहे.

क्लाउडवर जावं का, असंही विचारलंय. आत्ता नको. आधी हे निस्तरा. अशी कॉन्फ घेऊन क्लाउडवर गेलात तर तोच एक आचारी भाड्याच्या स्वयंपाकघरात. विचार करायचाच तर आवृत्तीचा करा: ओडू शेवटच्या तीनच आवृत्त्यांना आधार देतं, १९ आल्यावर १६ त्यातून बाहेर पडली, पोस्टग्रेस १४ ची मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंत. अपग्रेडचं बोलणं पार्टीशी आत्तापासून सुरू ठेवा.

शेठ पैसे काढायला तयार असतील तर नव्या मशीनऐवजी हे घ्या: नकलेसाठी एक जुनं-पानं मशीन, सर्व्हरला आपोआप बंद व्हायला सांगणारा यूपीएस, आणि सर्व्हर रूमचा एसी जनरेटरच्या लाइनवर. शेवटचं कोणी बघत नाही. लाइट जाते, जनरेटर सुरू होतो, सर्व्हर चालू राहतो, एसी बंद. मे महिन्यात अर्ध्या तासात त्या खोलीत उभं राहवत नाही.

वर्कर्स रविवारी लावा, ११ नंतरचा रविवार बघून. पुढच्या १ तारखेला सकाळी साडेअकराला पुन्हा टॉप काढा आणि इथेच चिकटवा. पायथनच्या निदान आठ ओळी दिसल्या पाहिजेत. काट्याच्या स्क्रिप्टचा कोडही टाका, पासवर्ड खोडून.