फोटो काढला की घेतला?

प्रश्न असा आलाय की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना तपकिरी फोटो मिळाला, मागे शाईने ‘लग्नानंतर काढलेला’ लिहिलंय, आणि इकडे भाचीच्या वहीत बाईंनी ‘फोटो काढला’ खोडून ‘छायाचित्र घेतले’ केलंय, मग बरोबर काय?

‘काढला’ शंभर टक्के बरोबर. काढणे म्हणजे मुळात ओढणे, प्राकृतात कड्ढ, त्यातूनच विहिरीतून पाणी काढणं आलं आणि रेघा ओढून चित्र काढणं पण, आणि फोटो हेही चित्रच. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या टॅलबट या इंग्रज संशोधकाने 1839 मध्ये आपल्या पद्धतीला फोटोजेनिक ड्रॉइंग म्हटलं होतं, म्हणजे उजेडाने काढलेलं चित्रच की! हिंदीत खींचना, कोंकणीत फोटो काडप, आणि पोर्तुगीजमध्ये ‘तिरार’ म्हणतात त्याचाही अर्थ ओढून बाहेर काढणं. आता कोणी म्हणेल गोव्यात ‘काढणे’ पोर्तुगीजवरून आलं, तर ते मला पटत नाही, नागपूरचा माणूसपण फोटो काढतोच ना. ‘घेणे’ मात्र मला सरळसरळ इंग्रजी ‘टेक’चं भाषांतर वाटतं. चूक नाही म्हणणार, पण त्यासाठी ‘काढला’ खोडायचं काहीच कारण नव्हतं.

जुने फोटो जमवणाऱ्यांना खरा उपयोग आहे तो ‘काढणे’ आणि ‘छापणे’ यातल्या फरकाचा. त्या काळी फोटो काढायचे काचेवर. 1851 नंतरच्या ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे काचेवर चिकट रसायन लावायच्या पद्धतीत काच वाळायच्या आत सगळं उरकावं लागायचं, मग ती काच चांदीच्या क्षारात भिजवलेल्या कागदावर दाबून उन्हात ठेवायची आणि चित्र उन्हातच उमटायचं. तो कागद अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्यातला पांढरा लावलेला. (‘बलकाचे फोटो’ लिहू नका हो, नुसतं बलक म्हटलं की बहुतेकांना पिवळाच आठवतो.) कागद पातळ म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवायचे, आणि चित्रातला पांढरा भाग पिवळट झालेला, भिंगातून बारीक भेगा दिसत असतील तर तुमचाही बहुधा अल्ब्युमेनच.

बऱ्याच स्टुडिओंच्या पुठ्ठ्यामागे छापलेलं असायचं की काच जपून ठेवलीय, प्रती कधीही मिळतील. म्हणजे आज काढलेला फोटो दहा वर्षांनी पुन्हा छापून मिळायचा, त्यामुळे तुमच्या फोटोवरचं ‘काढलेला’ हे काचेचं साल झालं, हातातल्या कागदाचं असेलच असं नाही. नोंद करताना दोन रकाने ठेवा, काढला कधी आणि छापला कधी, दुसरा रिकामा राहिला तरी चालेल.

आणि एक गंमत राहिली, ‘आम्ही फोटो काढायला गेलेलो’ हे मराठीत कॅमेरेवालाही म्हणतो आणि समोर नटून बसलेला पण. तुमच्या फोटोमागचं वाक्य त्या दोघांपैकी कुणाचं, ते अक्षरावरून कळतंय का बघा, घरच्यांचं असेल तर त्यातलं लग्न बहुतेक फोटोतल्याच माणसांचं.