फाइल नाही हे तपासूनच बनवतो, तरी दोन प्रोसेस एकाच फाइलवर लिहितात. काय करू?

तपासणी काढून टाका आणि पायथनमध्ये फाइल थेट 'एक्स' मोडमध्ये (फाइल आधीच असेल तर नकार देणारा) उघडा. 'एक्झिस्ट्स'ने फाइल आहे का विचारणं आणि 'डब्ल्यू' या लिहायच्या मोडने उघडणं यांच्या मधे दुसरी प्रोसेस घुसते. स्वारगेटला एसटीत सीट रिकामी दिसते, पण आपण चढेपर्यंत खिडकीतून कुणाचा तरी रुमाल पडलेला असतो, तसंच हे. 'एक्स' (पायथन ३.३ पासून) लिनक्सला ओ-क्रिएट आणि ओ-एक्सक्ल हे फ्लॅग (फाइल कशी उघडायची याच्या सूचना) एकत्र देतो, म्हणून तपासणं आणि बनवणं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एका दमात उरकतं. मागे राहिलेल्या प्रोसेसला 'फाइलएक्झिस्ट्सएरर' येते. ती पकडून दुसरं नाव घ्या. तात्पुरतीच फाइल हवी असेल तर सरळ 'एमकेएसटेम्प' हे फंक्शन वापरा, नावं शोधायची कटकटच नको. फाइल एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायची फाइल सिस्टिम) असेल तर मात्र जपून: तिथे ओ-एक्सक्लला एनएफएस ३ किंवा पुढची आवृत्ती आणि किमान २.६ कर्नल लागतं.